सीमानाका बंद व्हायच्या आत: कुटुंबासह डोंगरातून गाडीने पलीकडच्या देशात

डोंगरातले बरेचसे सीमानाके चोवीस तास उघडे नसतात. कुठे सकाळी उघडून संध्याकाळी बंद, कुठे मध्ये जेवणाची सुट्टी, कुठे आठवड्यातला एखादा दिवस पूर्ण बंद. उंचावरच्या खिंडी तर हिवाळ्यात कित्येक महिने बर्फाखालीच असतात. स्वित्झर्लंड आणि इटलीमधली २,४६९ मीटर उंचीची ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड साधारण जून ते ऑक्टोबर एवढीच उघडी असते. चिली आणि अर्जेंटिनामधला लोस लिबेर्तादोरेस हा मोठा रस्ता हिवाळ्यात बर्फवादळ आलं की दिवसचे दिवस बंद राहतो. म्हणून या प्रवासाची आखणी घरापासून पुढे करायची नाही, नाका बंद होण्याच्या वेळेपासून मागे मोजत यायचं.

हिशोब असा. नाका ६ वाजता बंद होतो असं गृहीत धरा. शेवटची गाडी रांगेत घेण्याची वेळ बऱ्याचदा त्याच्या तास-दीड तास आधीची असते, म्हणजे साडेचार. पण ही फक्त अलीकडच्या बाजूची वेळ. पलीकडचा नाका वेगळा, त्याची वेळ वेगळी, आणि घड्याळही वेगळं असू शकतं. तिकडचं घड्याळ एक तास पुढे असेल, तर तुमचे ५ म्हणजे त्यांचे ६. दोन्हीकडचे सोपस्कार मिळून चार माणसं आणि एका गाडीला दोन-तीन तास धरा. म्हणजे नाक्यावर दुपारी १ला पोचलं पाहिजे. शेवटचा टप्पा १२० किलोमीटरचा असेल, तर घाटात ताशी ३०च्या सरासरीने चार तास. मुलं बरोबर असल्याने वीस-वीस मिनिटांचे तीन थांबे, म्हणजे एक तास. दरड, मेंढ्यांचा कळप, एकेरी वाहतूक यांसाठी आणखी एक तास. एकूण सहा. सकाळी ७ला चाक फिरलं पाहिजे.

यातून एक नियम आपोआप निघतो: आदल्या रात्रीचा मुक्काम सीमेपासून १००-१२० किलोमीटरच्या आत हवा. मोबाइलमधला नकाशा चार तास सांगतो तेव्हा तो मुलाला ओकारी होणार हे धरत नाही.

कागद: दोन महिने आधी

लोक माणसांचे कागद नीट करतात आणि गाडीचे विसरतात. परत पाठवलं जातं ते बहुतेक दुसऱ्या कारणाने.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी आणि दोन कोरी पानं असावीत. ई-व्हिसा घेत असाल तर त्यावर प्रवेशाची ठिकाणं वाचा. काही देशांचा ई-व्हिसा विमानतळांवर आणि ठरावीक नाक्यांवरच चालतो, आणि डोंगरातला छोटा नाका त्या यादीत नसतो. आई-वडिलांपैकी एकच जण मुलांना घेऊन जात असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवा. आई आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल तर हा दाखला हमखास विचारतात. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन निघाले असतील तर दोन्ही पालकांची संमती लागते.

आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना म्हणजे मूळ परवान्याचं अधिकृत भाषांतर. तो एकटा चालत नाही, मूळ परवाना बरोबर लागतोच. तो आपल्याच देशात, निघण्याआधी काढावा लागतो. त्याचे १९४९च्या जिनिव्हा करारानुसार आणि १९६८च्या व्हिएन्ना करारानुसार असे दोन प्रमुख नमुने आहेत. पहिल्याची मुदत एक वर्ष असते, दुसऱ्याची जास्तीत जास्त तीन. ज्या देशात जाणार तो कोणता नमुना मानतो हे आधी पाहा. गाडी आलटून पालटून चालवणार असाल तर दोघांचाही काढा.

आता गाडी. नोंदणीपत्रावरचं नाव आणि चालवणाऱ्याच्या पासपोर्टवरचं नाव एकच असेल तर निम्मं काम झालं. गाडी वडिलांच्या, भावाच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं अधिकारपत्र हवं, आणि त्यात ‘देशाबाहेर नेण्यास परवानगी’ हे शब्द स्पष्ट हवेत. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची ना-हरकत, भाड्याची असेल तर सीमा ओलांडण्याची लेखी परवानगी. भाड्याच्या गाडीला तोंडी ‘हो’ मिळालं असेल तर त्याला नाक्यावर काही किंमत नसते.

परदेशी गाडी आत घेताना त्या देशाला एकच भीती असते: ही इथेच विकली तर आयातकर बुडेल. म्हणून दोनपैकी एक पद्धत असते. काही देश नाक्यावरच तात्पुरत्या आयातीचा परवाना देतात. काही देश ‘कार्नेट द पासाज’ हे गाडी परत नेण्याची हमी देणारं पुस्तक मागतात. ते आपल्या देशातल्या मान्यताप्राप्त वाहनचालक संघटनेकडून, अनामत किंवा हमी देऊन घ्यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. कार्नेटमध्ये एका प्रवेशाला एक पान जातं. पानाचे तीन भाग असतात: एक आत जाताना कस्टम्स फाडून घेतं, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसरा दोन्ही शिक्क्यांसह तुमच्याकडे राहतो. त्यावर बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा राहून गेला, तर गाडी घरी येऊन उभी असली तरी कागदोपत्री ती तिथेच आहे आणि अनामत अडकली.

माणसाच्या व्हिसाचे दिवस आणि गाडीच्या परवान्याचे दिवस वेगळे असू शकतात, हेही इथेच तपासा. व्हिसा तीस दिवसांचा आणि गाडीचा परवाना पंधरा दिवसांचा, असं सर्रास होतं.

विमा सीमेवर थांबतो. युरोप आणि आसपासच्या देशांत ‘ग्रीन कार्ड’ हे आंतरराष्ट्रीय विमापत्र चालतं, इतरत्र नाक्यावर त्या देशाचा तृतीय-पक्ष विमा घ्यावा लागतो. तो विकणारी खिडकी नाका उघडायच्या वेळी उघडलेली असेलच असं नाही. गाडीच्या मागे देशाच्या अक्षरांचा लंबगोल स्टिकरही लावून घ्या.

गाडी: दोन आठवडे आधी

आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून निघू नका. सैल राहिलेली नळी किंवा नीट न बसलेलं झाकण पहिल्या तीन-चारशे किलोमीटरमध्ये कळतं, आणि ते सपाटीवर कळलेलं बरं.

सगळ्यात आधी ब्रेक ऑइल. ते हवेतली आर्द्रता ओढून घेतं आणि त्याबरोबर त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. दोन वर्षं झाली असतील तर पातळी ठीक दिसली तरी पूर्ण बदला. पॅडची जाडी ३ मिलिमीटरच्या जवळ आली असेल तर पॅडही बदला, परतीपर्यंत टिकतील असा अंदाज करत बसू नका.

कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी भरून चालणारी गाडी सपाटीवर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालते आणि पहिल्या मोठ्या चढावर वाफ सोडते. उंचीवर पाणी लवकर उकळतं, ३,००० मीटरवर ९० अंशांच्या आसपासच. रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं म्हणून गाडी निभावते, तेव्हा झाकणाचं रबर चिरलेलं नाही ना ते पाहा. इंजिन गरम असताना हे झाकण कधीही उघडू नका.

टायरमधल्या हवेबद्दल उलटसुलट सल्ले ऐकू येतात. ३,००० मीटर चढलात की बाहेरचा दाब कमी होतो, त्यामुळे टायरचा दाब साधारण ४ पीएसआय जास्त दिसेल. पण वर हवा वीसेक अंशांनी थंड असेल, तर त्याने तो ३ पीएसआय घसरेल. दोन्ही मिळून फरक एखाद-दुसऱ्या पीएसआयचा. दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दिलेला दाब थंड टायरमध्ये भरा आणि सोडून द्या. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहे का, आणि चाकाला चोरीविरोधी नट असेल तर त्याची खास किल्ली गाडीत आहे का, एवढं मात्र पाहा. या किल्लीवाचून स्टेपनी असून नसल्यासारखी.

सामान भरताना जड ते खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला चिकटून. छतावर किती चालतं ते गाडीच्या पुस्तकात असतं, पुष्कळ गाड्यांना ७५ किलोच्या आसपास, आणि त्यात रॅकचं वजनही आलं. छतावर जड बॅगा लादल्या की गाडी वळणावर झुकते आणि मागे बसलेल्यांना गाडी लागते. कागद, गरम कपडे, पाणी, कोरडा खाऊ आणि औषधं मात्र हाताशी. नाक्यावर डिकी रिकामी करायला लावतील, तेव्हा हा गठ्ठा वेगळाच असलेला बरा.

चढ

टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर १,००० मीटरला साधारण एक-दशांश ताकद गमावतं. ३,००० मीटरवर भरलेली गाडी ‘ओढत नाही’ असं वाटलं तर ती बिघडलेली नाही. एक गिअर खाली घ्या, इंजिनचे फेरे वाढू द्या. वरच्या गिअरमध्ये पाय दाबून रेटत नेल्यानेच इंजिन तापतं. तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या. घरच्यांची कुरकुर होईल, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. काटा लाल पट्ट्याकडेच सरकत राहिला तर मात्र जागा पाहून थांबा आणि इंजिन बंद करा.

चढावर रांग लागली की हाफ क्लचवर गाडी धरू नका. हँडब्रेक ओढा, पुढची गाडी दोन गाड्यांचं अंतर सरकू द्या, मग निघा. जळकट वास आला तर तो क्लचचा, गोडसर वास आला तर कूलंट गळतंय. टाकी अर्धी झाली की भरा. घाटात दीडपट इंधन सहज जातं आणि सीमेजवळचा शेवटचा पंप कोरडा असणं काही नवीन नाही.

अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलात तर सर्वसाधारण रीत अशी की उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, बाजूला घेण्याची जागा चढणाऱ्याच्या अगदी पुढ्यात असेल तर गोष्ट वेगळी. हेअरपिन वळणाआधीच गिअर बदला, वळणात नव्हे, आणि नजर कठड्यावर न ठेवता वळण जिथे सुटतं तिथे ठेवा.

गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त. त्यांना पुढचा रस्ता दिसला पाहिजे, मोबाइल आणि पुस्तक बंद. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको. औषध द्यायचं असेल तर वयानुसार डॉक्टरांना विचारून, चढ सुरू व्हायच्या आधी. ओकारी झाल्यावर दिलेली गोळी पोटात राहत नाही.

उंचीचा त्रास

पायी चढणाऱ्याला शरीर थांबवतं, गाडीतल्याला कोणी थांबवत नाही. सकाळी ८०० मीटरवर नाश्ता आणि संध्याकाळी ३,६०० मीटरवर मुक्काम हे गाडीने सहज जमतं, आणि नेमकं तेच करू नये. पाकिस्तान आणि चीनमधली खुंजेराब खिंड ४,६९३ मीटरवर आहे. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्के उरतो.

त्रास २,५०० मीटरच्या वर कधीही सुरू होऊ शकतो. ३,०००च्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. दिवसा खिंड ओलांडून रात्री खाली झोपायला उतरलं तर चालतं, म्हणून पलीकडचा मुक्काम शक्य तितका खाली धरा. डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा दिसला की तो उंचीचाच त्रास समजा. लहान मूल डोकं दुखतंय असं सांगत नाही. ते चिडचिड करतं, खात नाही, खेळत नाही, झोपत नाही. गाडी लागली असेल तर थांबून तासाभरात बरं वाटतं, उंचीने झालं असेल तर वाटत नाही. मग वर जाणं बंद. लक्षणं वाढली, चाल अडखळली किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली. ३०० ते १,००० मीटर उतरलं की बहुधा फरक पडतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा मार्ग ठरवण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं.

उतार

चढावर गाडी बंद पडते, उतारावर ती थांबत नाही. माणसं, सामान धरून १,८०० किलोची गाडी १,००० मीटर उतरते तेव्हा सुमारे ५ युनिट वीज होईल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पन्नासेक लिटर पाणी उकळीला आणायला ती पुरेल. सगळी ब्रेकवर टाकली तर डिस्क तापून निळ्या पडतात. इंजिनवर टाकली तर इंजिन ती सहज पचवतं.

म्हणून उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच, खालचा गिअर घ्या. जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला, बहुधा दुसरा किंवा तिसरा. ऑटोमॅटिकमध्ये ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोड, हायब्रिडमध्ये ‘बी’. इलेक्ट्रिक गाडी माथ्यावर पूर्ण चार्ज करून निघू नका, भरलेल्या बॅटरीत उताराची वीज घ्यायला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. गिअर घेऊनही वेग वाढत गेला तर तीन-चार सेकंद ठाम दाबून ताशी दहाएक किलोमीटर कमी करा आणि पाय पूर्ण उचला. सतत हलका पाय ठेवून उतरणं हे काळजीचं लक्षण वाटतं, पण डिस्कला थंड व्हायला क्षणही मिळत नाही. न्यूट्रल किंवा इंजिन बंद करून उतरणं तर साफ नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि स्टिअरिंग जड होतं.

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. पेडल कडक लागतं पण गाडी मंदावत नाही, तेव्हा पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन तळापर्यंत जातं, तेव्हा ऑइल उकळून वाफ झालीय. दुसऱ्या वेळी पेडल भराभर पंप करा, थोडा दाब मिळतो. दोन्ही वेळा एकेक करत गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, सुटका-मार्ग (ब्रेक गेलेली गाडी थांबवण्यासाठी रस्त्याकडेला केलेली वाट) किंवा चढाकडे जाणारा फाटा असेल तर तो घ्या. थांबल्यावर चाकाखाली दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि तीसेक मिनिटं जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकडी होते.

उतरताना कानात दडे बसतात. झोपलेल्या मुलांना उतार लागायच्या आधी उठवा, कारण झोपेत गिळणं कमी होतं आणि मूल कळवळून जागं होतं. तान्ह्याला त्या वेळी पाजा.

बर्फ असेल तर साखळ्या ज्या चाकांना ताकद मिळते त्यांनाच, सपाट जागी, आणि गरज पडायच्या आधी. एकदा घरी हातमोजे घालून लावून पाहा. शंभरेक मीटरवर थांबून पुन्हा ताणा, ताशी ५०च्या वर जाऊ नका. डिझेल गाडी असेल तर टाकीत जागा ठेवून वरच्या पंपावर थंडीचं डिझेल भरा, खालचं उन्हाळी डिझेल कडाक्यात मेणासारखं धरतं. रात्री हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये गाडी लावा, नाहीतर सकाळी तो गोठलेला मिळतो. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलेलं असेल तर विषारी वायू गाडीत शिरतो.

नाक्यावर

आदल्या रात्री कागदांची दोन पाकिटं करा: एक माणसांचं, एक गाडीचं. प्रत्येकाच्या तीन-तीन छायाप्रती. फळं, भाज्या, मांस, दूध, बियाणं संपवा किंवा टाका. चिलीसारख्या देशांत पिशवीत राहिलेल्या एका सफरचंदाचाही दंड होतो. औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह. ड्रोन, सॅटेलाइट फोन, वॉकी-टॉकी यांना बऱ्याच देशांत आधी परवानगी लागते. नाक्याचे, सैनिकांचे फोटो नकोत, मुलांच्या हातातला मोबाइलही आत ठेवा. सीमेजवळ फोन पलीकडचा टॉवर पकडतो, रोमिंगचं बिल सुरू होतं आणि घड्याळ आपोआप बदलतं. निघायची वेळ त्या घड्याळावर ठरवली तर तासाचा घोळ होतो, म्हणून एक हातघड्याळ जुन्याच वेळेवर ठेवा.

क्रम बहुतेक ठिकाणी हाच: अलीकडे माणसांचा बाहेर जाण्याचा शिक्का, मग गाडीचा. मधला पट्टा, जो काही ठिकाणी कित्येक किलोमीटर लांब असतो. पलीकडे माणसांचा प्रवेश, मग गाडीची कस्टम्स, मग विमा. बऱ्याच ठिकाणी चालक गाडीसोबत आणि बाकीचे पायी दुसऱ्या रांगेत जातात. मुलांचे पासपोर्ट मुलांबरोबरच्या मोठ्या माणसाकडे द्या, चालकाच्या खिशात नकोत. भेटायची जागा आधी ठरवा, कारण आत फोन लागेल याची खात्री नसते.

गाडीचा परवाना हातात आला की खिडकीवरच उभे राहून चार गोष्टी जुळवा: नंबर प्लेट, चेसिस नंबर, पासपोर्ट नंबर, परवान्याची शेवटची तारीख. चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो, एकेक बोट ठेवून वाचा. मागची रांग कितीही उसासे टाको. तिथे चूक दुरुस्त व्हायला दोन मिनिटं लागतात. परत येताना दुसऱ्या नाक्यावर तीच चूक निघाली तर त्या नाक्याला ती दुरुस्त करण्याचा अधिकारच नसतो.

पलीकडे

रस्त्याची बाजू बदलत असेल तर चूक नाक्यासमोर होत नाही. ती पहिल्या चहाच्या थांब्यानंतर, मोकळ्या रस्त्यावर होते. पुढे बसलेल्याने प्रत्येक वेळी निघताना बाजू मोठ्याने सांगावी. ओव्हरटेक करताना चालकाला समोरचं दिसत नाही, म्हणून पहिल्या दिवशी ओव्हरटेक नकोच. पंपावर नळीच्या रंगावर जाऊ नका, एका देशात हिरवी नळी पेट्रोलची तर दुसऱ्यात डिझेलची असते. चुकीचं भरलं गेलं तर किल्लीच फिरवू नका, टाकी रिकामी करेपर्यंत गाडी ढकलूनच बाजूला घ्या.

परतताना त्या देशातून निघायच्या आधी गाडीचा परवाना रद्द करून घ्यायचा असतो. घरी जायच्या घाईत माणसांचे शिक्के होतात आणि गाडी तशीच बाहेर येते, फाटक उघडं असलं की कोणी अडवतही नाही. कस्टम्सची खिडकी शोधा, परवाना जमा केल्याची पावती किंवा कार्नेटवरचा शिक्का घ्या, त्याचा फोटो काढा आणि मगच फाटकाबाहेर गाडी काढा.